फॉर्म भरण्याआधी

दिवाळी सरली की भूगाव, भुकूम, बावधनच्या सोसायट्यांमध्ये तरुण आईवडिलांचा एकच विषय असतो. फॉर्म कुठे कुठे भरले? मूल अजून धड तीन वर्षांचंही नसतं. घरात दुधाच्या बाटलीवरून रोज रुसवेफुगवे चालू असतात आणि आईबाबा मात्र त्याच्या बारावीपर्यंतचा हिशोब मांडून बसलेले असतात.

धरण, ताम्हिणी आणि आंबेमोहोर ही या मुळशी तालुक्याची जुनी ओळख. आता त्यात शाळांची भर पडली आहे. खुबवलीच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, हिंजवडीत महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल (पूर्वीचं मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल) आहे, भुकूमला इंडस आहे. शिवाय नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या कितीतरी शाळा पौड रस्त्यावरच्या फलकांवर दिसतात. या नावाखाली कुठे जिनिव्हाच्या आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम असतो, कुठे केंब्रिजचा, कुठे साधा सीबीएसईचा. म्हणून पहिला प्रश्न बोर्डाचा विचारावा. आयबीची मान्यता आहे की शाळा अजून ‘कँडिडेट’ आहे, हेही स्पष्ट विचारावं. कँडिडेट म्हणजे मान्यता मिळायची आहे. आयबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळांची यादी असते आणि ती बघायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. हा प्रश्न माहितीपत्रकात कधीच नसतो, पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मला तो अभ्यासक्रमाहून मोठा वाटतो. भूगावात सकाळी अडकलेल्या पिवळ्या बसच्या खिडकीला डोकं टेकवून झोपलेली मुलं बघा. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर पाण्याची बाटली, तोंड उघडं. पावसाळ्यात तर विचारूच नका. शाळेचं आवार कितीही हिरवं असलं तरी तिथे पोहोचेपर्यंत मूल थकत असेल, तर त्या हिरवाईचा त्याला काय उपयोग? घराजवळची साधी, प्रेमळ बालवाडी मी केव्हाही पसंत करीन.

आणि मग ती ‘इंटरॅक्शन’. मुलाखत म्हणायचं नाही म्हणून काढलेलं हे नाव. मूल एका खोलीत, आईबाप दुसऱ्या. बाहेर बसलेल्या आया शेवटच्या क्षणी मुलांकडून रंग घोकून घेत असतात आणि वडील आपल्या इंग्रजीची मनातल्या मनात उजळणी करतात. एका ठिकाणी मी एक छोटी पाहिली. बाईंनी तिला चित्रातला प्राणी विचारला. तिने ‘म्हैस’ म्हटलं, अगदी बरोबर. आईचा चेहरा मात्र उतरला, कारण उत्तर मराठीत आलं होतं. फॉर्मवर घरची भाषा ‘इंग्रजी’ लिहिली होती. त्या मुलीने म्हैस ओळखली होती, तिच्यासाठी शब्द तिच्याजवळ होता. अजून काय हवं होतं?

घरची भाषा खोटी लिहू नका, हे मी कळकळीने सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. खुद्द आयबीही आपल्या शाळांकडून मुलाच्या घरच्या भाषेला आधार देण्याची अपेक्षा ठेवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरची मुलं जमवली, ती शिंपले, पानं, बिया घेऊन, आणि मुलांच्या बोलीला धरून. आज चकचकीत पुस्तिकांमध्ये ‘खेळातून, निसर्गातून शिक्षण’ म्हणून जे विकलं जातं, ते आपल्या बायकांनी कुडाच्या अंगणवाडीत करून दाखवलं आहे.

कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही आणि कॅपिटेशन फी घ्यायची नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. पण कायद्यातलं ‘बालक’ 6 ते 14 वर्षांचं, त्यामुळे नर्सरीचे प्रवेश या कलमात येत नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं. म्हणजे ज्या वयात चाळणी सर्वांत क्रूर, त्याच वयात संरक्षण सर्वांत पातळ. ही फट सरकारने बुजवायला हवी. तोवर ‘मुलाची परीक्षा घेणार असाल तर आम्हाला इथे प्रवेश नको’ असं पालकांनीच म्हणायला हवं.

त्याच कायद्याचं कलम 12 विनाअनुदानित खासगी शाळांनाही 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावतं. अल्पसंख्याक संस्था तेवढ्या वगळलेल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुळशीत गावोगावी जिल्हा परिषदेची शाळा आहे, तेव्हा या बदलाने इथल्या किती खासगी शाळांची दारं बंद झाली असती याचा अंदाज येईल. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै 2024 मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. सरकारकडून प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही शाळांची तक्रार खरी आहे. पण तिचा भुर्दंड वाडीवरच्या मुलाने का भरायचा?

या जागांचे अर्ज राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरले जातात आणि सोडत निघते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित गटांना ती अट नाही, जातीचा दाखला पुरतो. जन्मदाखला आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर यांच्यापर्यंत ही माहिती फारशी पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी दाखल्यासाठी पौडला खेपा घालण्यात त्यांचा रोज बुडतो. यंदा आपल्या मुलाचा फॉर्म भरताना त्यांच्या मुलाचाही भरून द्या.