विश्लेषण : केकमध्ये साखरेऐवजी मध घातला, तर नेमके काय होते?

साखर टाळायची म्हणून घरच्या केकमध्ये, बिस्किटांत आणि लाडवांत मध घालण्याचे प्रमाण वाढले आहे. त्याच वेळी साखर कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यातील उडदावणे (ता. अकोले) या गावाची राज्याच्या ‘मधाचे गाव’ योजनेत निवड झाली आहे. पण ओव्हनमध्ये गेलेल्या मधाचे काय होते? तो खरोखर साखरेपेक्षा हलका असतो का? बाटलीतला मध अस्सल आहे, हे घरी ओळखता येते का? आणि बाळाला मध का देऊ नये? याविषयी…

कॅलरी कमी होतात का?

नाही. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ३८७ कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम मधात सुमारे ३०४. हा फरक मधात १७-१८ टक्के पाणी असल्यामुळे दिसतो. आता केकचा हिशेब करू. एक कप (२४० मिली) साखरेचे वजन सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे ७७४ कॅलरी. मध अधिक गोड असल्याने एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध पुरतो. मात्र मध जड असतो. पाऊण कप मधाचे वजन २५५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच्या कॅलरी होतात ७७५. म्हणजे हिशेब जिथल्या तिथे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही मधातील साखर ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजली आहे. दिवसभराच्या एकूण ऊर्जेत अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावा, असे त्यात म्हटले आहे. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी ‘मधाचा केक आहे, चालेल’ असे समजू नये.

मग मध घालून फायदा काय?

फायदा पोताचा आणि चवीचा आहे. मधातील फ्रुक्टोज हवेतील ओलावा धरून ठेवते. नाचणी, ज्वारी किंवा निव्वळ कणकेचा केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. मध घातल्यास तो जास्त वेळ मऊ राहतो. मात्र साखरेच्या पाककृतीत नुसती अदलाबदल केली, तर केक बिघडतो. त्यासाठी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, एक कप साखरेच्या जागी पाऊण कपापेक्षा जास्त मध नको. दोन, पाऊण कप मधासोबत सुमारे ४५ ग्रॅम पाणीही येते. म्हणून दूध किंवा पाणी तीन मोठे चमचे कमी करावे. तीन, मध आम्लधर्मी असतो. कृतीत दही किंवा ताक नसेल, तर पाव छोटा चमचा खायचा सोडा जास्त घालावा. चार, मधातील साखर लवकर तांबूस होते. साधी साखर करपायला १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, फ्रुक्टोजला ११० अंशही पुरते. म्हणून १८० अंशांचा केक १६५ अंशांवर भाजावा. कुकरमध्ये किंवा कढईत केक करणाऱ्यांनी आच मंद ठेवून वेळ वाढवावा, नाहीतर वरून काळा आणि आतून कच्चा असा केक हाती येतो.

हाच गुणधर्म चिक्कीत मात्र नडतो. गुळाचा पक्का पाक थंड झाला की कडक होतो. मध ओलावा ओढत राहतो, त्यामुळे मधाची चिक्की काही दिवसांत चिकट होते.

तापवलेला मध विषारी होतो का?

चरकसंहितेत तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे आणि घरोघरी ते मानले जाते. आधुनिक रसायनशास्त्र काय सांगते? मध तापवला की त्यातील विकरे (एन्झाइम) नष्ट होतात, सुवास उडतो आणि हायड्रॉक्सिमिथाइलफुरफुरल, म्हणजेच एचएमएफ, हा घटक वाढतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) मधात त्याची कमाल मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम ठेवली आहे. ही मर्यादा मुख्यतः मध जास्त तापवला गेला किंवा फार जुना झाला, हे ओळखण्यासाठी आहे. एचएमएफ भाजलेल्या पावात आणि कॉफीतही असते. नेहमीच्या आहारातील प्रमाणात त्याने अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही.

म्हणजे मधाचा केक विष नाही. पण ज्या गुणांसाठी आपण जास्त पैसे मोजतो, ते गुण केकच्या भांड्यात उरत नाहीत. भाजून झालेल्या केकचे आतील तापमान ९५ अंशांच्या पुढे गेलेले असते. तिथे जंगलचा मध आणि साधा मध यांतील फरक जवळपास पुसला जातो. मध किलोला ४०० रुपये आणि साखर ४५ रुपये धरली, तर एका केकमागे साखरेचा खर्च ९ रुपये आणि मधाचा १०२ रुपये येतो. चांगला मध कच्चाच वापरणे शहाणपणाचे. दह्यात, भाकरीसोबत, कोमट पाण्यात, भाजलेले पीठ थंड झाल्यावर लाडवात किंवा तयार केकवर वरून तो घालावा.

बाळाला मध का नको?

मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचे आतडे ते सहन करते. एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. बाळाचे स्नायू शिथिल होतात, दूध ओढता येत नाही, श्वासही अडखळू शकतो. हा आजार क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो. मध शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही.

भाजल्यानेही तो टळत नाही. हे बीजाणू नष्ट करायला दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान लागते. केक किंवा बिस्किटाच्या आत ते कधीच पोहोचत नाही. म्हणून जन्मल्यावर मधाचे बोट चाटवणे, गुटीत मध घालणे किंवा वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बिस्किट भरवणे टाळायला हवे. घरातील आजीला हे पटवणे अवघड जाते. पण इथे प्रथेपेक्षा बाळ मोठे.

घरी शुद्धता ओळखता येते का?

पाण्याच्या ग्लासात मधाचा थेंब टाकणे, काडी बुडवून पेटवणे, कागदावर थेंब ठेवणे असे प्रयोग मोबाइलवर सतत फिरत असतात. या चाचण्या मधाचा घट्टपणा आणि ओलावा तपासतात, शुद्धता नव्हे. घट्ट साखरेचा पाकही त्या पार करतो. उलट पातळ पण अस्सल जंगली मध नापास होऊ शकतो. मध थिजणे हीसुद्धा भेसळीची खूण नाही. त्यातील ग्लुकोज स्फटिक होते, इतकेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली होती. नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक ब्रँड उत्तीर्ण झाले. पण एनएमआर या प्रगत चाचणीत फक्त तीन टिकले. नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे साखरेचे पाक बाजारात आहेत, असा संस्थेचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो फेटाळला. निर्यातीच्या मधासाठी ही चाचणी ऑगस्ट २०२० पासूनच बंधनकारक झाली होती.

अहिल्यानगरचा यात काय संबंध?

या जिल्ह्याने गोडव्याची एक वाट देशाला दाखवली. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात ऊस पसरला. मात्र मधमाशीच्या दृष्टीने उसाचे शेत जवळपास रिकामेच. ऊस हे गवत, त्यात मकरंद नाही. माशीचा जिल्हा पश्चिमेला आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, भंडारदरा आणि त्याभोवतीची आदिवासी गावे हा तो पट्टा. जांभूळ, हिरडा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ही सह्याद्रीतील माशीची शिदोरी.

कारवीचे नाव तर थेट कायद्यात आहे. एफएसएसएआयच्या मानकांनुसार मधात क्षपणकारी शर्करा किमान ६५ टक्के आणि सुक्रोज कमाल ५ टक्के हवे. कारवीच्या मधासाठी ही मर्यादा अनुक्रमे ६० आणि १० टक्के आहे. म्हणजे सह्याद्रीच्या या फुलाचा मध वेगळा असतो, हे मानकांनीही मान्य केले आहे.

‘मधाचे गाव’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची ही योजना आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावचा क्रमांक लागला. पुढे आणखी गावे निवडली गेली, त्यांत उडदावणे आहे. ग्रामस्थांना प्रशिक्षण व मधपेट्या देणे, मध गोळा करून विकणे आणि त्याला पर्यटनाची जोड देणे, असे तिचे स्वरूप आहे.

अडचण कुठे येऊ शकते?

पहिली अडचण ओलाव्याची. डोंगरातील सातेरी माशीच्या मधात पाणी अनेकदा जास्त असते. मानकांची मर्यादा २० टक्के आहे. त्यापुढे मध आंबू लागतो. म्हणून पोळे पूर्ण मेणबंद झाल्यावरच मध काढणे आणि कमी तापमानावर पाणी घटवणे, ही शिस्त लागते. दुसरी अडचण पावसाळ्याची. फुले कमी, माशी उपाशी. त्या काळात वसाहती जगवाव्या लागतात.

तिसरी आणि मोठी अडचण भावाची. पाकमिश्रित मध स्वस्त विकला जात असेल, तर डोंगरातील कुटुंबाचा अस्सल मध महागच वाटणार. महागडी चाचणी करणे त्या कुटुंबाला परवडत नाही. ‘साखरेला आरोग्यदायी पर्याय’ म्हणून तो विकायला गेले, तर वरचा कॅलरींचा हिशेब आड येतो आणि भावात साखरेशी स्पर्धा होऊच शकत नाही. त्याची ताकद वेगळी आहे : कोणत्या गावचा, कोणत्या फुलाचा, कोणत्या हंगामाचा. हे बाटलीवर लिहिलेले असेल आणि ते तपासता येत असेल, तरच भाव टिकेल.

शिवाय माशीचे खरे उत्पन्न मधापुरते नाही. कांद्याच्या बीजोत्पादनात परपरागीकरणासाठी माशी लागते, डाळिंबालाही तिचा उपयोग होतो. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी झाली, की मध आणि बी, दोन्हींवर परिणाम होतो.

ग्राहकाने काय करावे?

बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख आणि शक्य असल्यास फुलाचे व गावाचे नाव पाहावे. फेस आलेला किंवा आंबट वास येणारा मध घेऊ नये. केक मऊ राहावा म्हणून मध हवा असेल, तर साधा मध पुरतो. डोंगरातला मध चमच्याने खाण्यासाठी राखून ठेवावा. आणि घरात वर्षाच्या आतील बाळ असेल, तर बाटली त्याच्या वाटीपासून दूरच असू द्यावी.