वायनरीची पहिली भेट द्राक्षबागेतून सुरू व्हावी




कोल्हापुरातून त्र्यंबकेश्वर, वणी आणि शिर्डीच्या दर्शनाला निघणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात अलीकडे गंगापूर धरणाच्या काठावरील एखादी वायनरी, म्हणजे द्राक्षरस आंबवून वाईन तयार करणारा कारखाना, हेही एक ठिकाण असू लागले आहे. या भेटीविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. वायनरीत जाणे हे दारूच्या गुत्त्यात जाण्यासारखेच असल्याने सभ्य माणसाने तिकडे फिरकू नये, असे काहींना वाटते, तर वायनरी म्हणजे डोंगराच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे काढण्याची आणि हातात पेला घेऊन मिरवण्याची जागा, असे इतर काहींना वाटते. दोन्ही समजुतींमध्ये द्राक्ष पिकवणारा शेतकरी कुठेच नाही. वायनरी हे मुळात शेतमालावर प्रक्रिया करणारे ठिकाण असल्यामुळे तिथली पहिली भेट बागेतून सुरू व्हावी आणि तशी सोय करून देणे वायनरीचालकांनी व पर्यटन खात्याने आपले कर्तव्य मानावे, असे या पत्राचे म्हणणे आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील पाहुण्याला या बाबतीत एक मोठा लाभ आहे, तो असा की तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळच्या द्राक्षबागा त्याच्या परिचयाच्या असतात, किंबहुना अनेकांच्या नात्यागोत्यातच असतात. युरोपात थंडीत वेल पाने गाळून विश्रांती घेतो आणि वसंतात पुन्हा फुटतो, परंतु दख्खनच्या पठारावर तशी कडक थंडी नसल्याने वेल सतत वाढत राहतो. म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. हंगाम संपल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि तिच्यामुळे फळ धरणाऱ्या काड्या तयार होतात, तर पावसाळा सरताना, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते आणि तिच्यापासून त्या वर्षीचा माल येतो. वाईनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि उन्हामुळे रस बिघडू नये यासाठी ती शक्यतो पहाटेच्या गारव्यात उरकली जाते. खाण्याच्या थॉमसन सीडलेससारख्या द्राक्षात बी नसते, मणी मोठा आणि साल पातळ असते; याउलट शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शेनिन ब्लांक या वाईनच्या वाणांचे मणी लहान व बियांचे असून गराच्या मानाने साल अधिक असते, आणि लाल वाईनचा रंग व तिचा तुरटपणा मुख्यतः सालीतूनच उतरतो. हा फरक वेलीवरचा मणी तोंडात टाकून जितका कळतो तितका कोणत्याही माहितीफलकावरून कळत नाही.

बागेनंतर कारखाना पाहावा. कोल्हापूरकराला प्रक्रिया पाहण्याची सवय नवी नाही. गुऱ्हाळावर मुलाबाळांना घेऊन जाणे, चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळताना आणि मळी काढली जात असताना उभे राहणे, मग गरम गूळ व काकवी चाखणे, हा इथला जुना रिवाज आहे. वायनरीत मात्र रस आटवला जात नाही. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करतात, आणि या क्रियेला किण्वन म्हणतात. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा केला जातो, तर लाल वाईनसाठी तो सालीसकट आंबवला जातो. किण्वनात उष्णता निर्माण होत असल्याने पोलादी टाक्या बाहेरून थंड ठेवाव्या लागतात, आणि काही वाईन पुढे ओकच्या लाकडी पिंपांत मुरवल्या जातात. हे सारे पाहून झाल्यावर चाखणीला बसणाऱ्या माणसाला समोरच्या घोटभर वाईनमधील आंबटपणा कुठून आला आणि तुरटपणा कुठून आला, हे विचारावेसे वाटते. चाखणीत पांढरी वाईन आधी, लाल नंतर आणि गोड शेवटी, असा साधारण क्रम असतो. वाईन तोंडात घोळवून ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकणे हा तिथला मान्य शिष्टाचार आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र एक थेंबही घेऊ नये. 1988च्या मोटार वाहन कायद्यात रक्तातील मद्यार्काची मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम इतकी कमी आहे.

वाईन न पिणाऱ्यांचा विचार या सगळ्यात फार थोडा होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुटुंबात आजी-आजोबा, लहान मुले, माळकरी मंडळी असतात, आणि बागेची व कारखान्याची फेरी चाखणीच्या तिकिटाला जोडलेली असेल तर त्यांच्या वाट्याला केवळ बाहेरचा बाक येतो. माहिती मराठीत न देता इंग्रजीतच दिली गेली, तर ज्याच्या शिवारातून द्राक्षे येतात तो शेतकरीही तिथे परका ठरतो. चाखणीशिवायची स्वतंत्र फेरी, ताज्या द्राक्षरसाचा पेला आणि मराठीत बोलणारा, शक्यतो स्वतः बागेत काम केलेला मार्गदर्शक, एवढ्या तीन गोष्टींना फार मोठे भांडवल लागत नाही.

शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्कची योजना केली. नाशिकला 2005 साली सुला विनयार्ड्सने पाहुण्यांसाठी चाखणीगृह उघडले आणि त्या शहराची ओळखच पालटली. पलूसच्या वाट्याला तशी वर्दळ आली नाही, आणि 2008-09च्या मंदीनंतर मागणी घटली तेव्हा करारावर वाईनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना बागा उपटाव्या लागल्या. तरीही अकलूज परिसरात फ्रातेल्ली ही भारतीय आणि इटालियन भागीदारीतील वायनरी उभी आहे, तासगावात बेदाण्याची बाजारपेठ आहे, आणि 2020 पासून राज्याला कृषी पर्यटनाचे धोरणही आहे. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथे 1971 साली काही वाईन उत्पादकांनी एकत्र येऊन पाहुण्यांसाठी वाईनमार्ग आखला. तासगाव, पलूस आणि अकलूज यांना जोडणारा तसा मार्ग आखला गेला, तर कोल्हापूरच्या पाहुण्याला पहिल्या भेटीसाठी नाशिकपर्यंतचा दिवसभराचा प्रवास करावा लागणार नाही.

यावर व्यसनाचा आक्षेप येईल, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आडव्या बाटलीसाठी मतदान करून गावातली दारूची दुकाने बंद पाडणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांनी दारूने मोडलेले संसार पाहिलेले आहेत. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा उठलेला विरोध याच अनुभवातून आला होता, आणि वाईनमध्येही साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो, ही गोष्ट शेतकऱ्याच्या हिताचे नाव घेऊन झाकता येत नाही. मात्र दुकानाच्या फळीवर बाटली ठेवणे आणि बाग व कारखाना दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत केवळ खप वाढतो. दुसरीत शेतमालाचे मोल कसे वाढते याची समज येते, आणि ती समज न पिणाऱ्यालाही तितकीच उपयोगी असते. म्हणूनच संगीताच्या गोंगाटात अमर्याद पेले रिचवण्याचे कार्यक्रम पर्यटनाच्या नावाखाली खपवणे चुकीचे आहे, आणि त्यांना शासनाने उत्तेजन देऊ नये.

येत्या हंगामात वायनरीला प्रथमच जाणाऱ्या वाचकांनी जागा राखून ठेवतानाच बाग पाहायला मिळेल का, मराठीत माहिती मिळेल का आणि न पिणाऱ्यांसाठी फेरी आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर नकारार्थी आल्यास दुसरी वायनरी निवडावी.

– एक वाचक, कोल्हापूर