थोडक्यात टिपा लिहा

मराठीच्या प्राध्यापकाने 'टीप' या शब्दाला भ्यावे, असे वास्तविक काही कारण नाही. त्याचा सारा जन्मच टिपांत जातो. विद्यार्थी असताना तो टिपा काढतो, प्राध्यापक झाला की टिपा सांगतो आणि परीक्षक झाला की 'कोणत्याही दोहोंवर थोडक्यात टिपा लिहा' असे छापून शेकडो मुलांना घाम फोडतो. शिंप्याच्या यंत्रावर टीप असते, पुस्तकाच्या पानाखाली टीप असते, पोलिसांना कोणीतरी टीप देते, आणि दुःख अनावर झाले की माणूस टिपे गाळतो. एवढ्या साऱ्या टिपा पचवलेला मी! पण हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेची बशी समोर आली, की अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आलेल्या विद्यार्थ्यासारखा माझा चेहरा होतो. किती ठेवावे? दहा ठेवले तर कंजूष दिसू काय? पन्नास ठेवले तर उधळे ठरू काय? आणि काहीच न ठेवता उठलो, तर दारापर्यंतची ती वीस पावले पाठीवर नजर घेऊन चालायची कशी?

आमच्या कुटुंबाला हा प्रश्न पडतच नाही. "अहो, ठेवा नि उठा! किती वेळ त्या बशीकडे बघताय? बडीशेप मोजताय की काय?" असे ती म्हणते, आणि आजूबाजूच्या टेबलांना ते ऐकू जाते.

माझ्या वडिलांच्या वेळी हे सोपे होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक. पगाराच्या दिवशी मला घेऊन ते एस. टी. स्टँडासमोरच्या हॉटेलात जात. एक भज्यांची प्लेट, दोन हाफ चहा, आणि उठताना कपबशीखाली चाराणे. नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावे तितक्या गंभीरपणे ते चाराणे ठेवीत. चहा आणणारा मुलगा माझ्याच वयाचा असे. तो आधी नाण्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे, आणि मी माझ्या भज्यांकडे बघे. दोघांनाही काहीतरी समजत होते. पण काय, ते सांगता आले नसते. पुढे 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेलांत, ढाब्यांवर चौदा वर्षांखालची मुले कामाला ठेवण्याची कायद्याने बंदी झाली. 30 जून 2011 नंतर चाराण्याचे नाणेही चलनातून गेले. वडिलांचा नियम त्याच्याबरोबर गेला, आणि मी निराधार झालो.

आमच्या चिरंजीवांनी एकदा मला जगाचा भूगोल समजावून दिला. अमेरिकेत म्हणे शंभरामागे पंधरा ते वीस द्यावेच लागतात. का, तर तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने तासाला किमान 2 डॉलर 13 सेंट दिले तरी चालते, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. किमान वेतनातली बाकीची भर गिऱ्हाइकाने घालायची. म्हणजे तिथे टीप ही टीप नसून पगारच आहे. फक्त तो देणारा दर अर्ध्या तासाला बदलतो. उलट जपानात टीप ठेवाल, तर तुम्ही पैसे विसरलात असे समजून ते परत द्यायला वाढपी मागे धावत येईल. फ्रान्समध्ये वाढण्याची मजुरी पदार्थांच्या दरातच धरलेली असते. आपल्याकडे मोठ्या शहरांतली हॉटेले बिलातच 'सेवा शुल्क' म्हणून आकडा लावू लागली. सरकारने 2017 साली सांगितले, की हे ऐच्छिक आहे. 4 जुलै 2022 ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आपणहून ते बिलात घालायला मनाई केली. मालक मंडळी न्यायालयात गेली, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम केली. म्हणजे आमच्याकडून जबरदस्तीने काय घेता येणार नाही, हे आता ठरले आहे. आम्ही खुशीने किती द्यावे, हे मात्र कुठलेही न्यायालय सांगायला तयार नाही.

तेव्हा मी माझ्या नेहमीच्या आश्रयस्थानाकडे, म्हणजे शब्दांकडे, वळलो. 'बक्षीस' हा शब्द फारसीतला. आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे असले शब्द आमच्या अंगणातच वाढलेले. बक्षीस म्हणजे देणाऱ्याची मर्जी. साहेब खूष झाले, दिले. नाही झाले, नाही दिले. घेणाऱ्याने फक्त वाकायचे. याच्या नेमका उलट शब्द म्हणजे 'बलुते'. सुतार, लोहार, न्हावी सुगीला खळ्यावर येत आणि वर्षभराच्या कामाचा वाटा घेऊन जात. त्यात मर्जी नव्हती, हक्क होता. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गायला नकोत. ज्यांना गावाने सर्वांत जड कामे लावली, त्यांच्या पदरात सर्वांत कमी पडे, आणि काम नाकारायची सोय नव्हती. या दोहोंच्या मधे कुठेतरी आपली दिवाळीची पोस्त! पोस्टमन दारात येऊन हसतो, आपणही हसतो. मागणाराही लाजत नाही आणि देणाराही उपकाराचा आव आणत नाही. मग हॉटेलातली टीप म्हणजे काय? बक्षीस, बलुते की पोस्त? तीन गुणांचा प्रश्न. पण उत्तर मला गेल्या दिवाळीपर्यंत सापडले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. खरेदी आटोपून आम्ही बीडहून अंबाजोगाईला परतत होतो. मांजरसुंब्याला रस्ते फुटतात. एक सोलापूरकडे, एक पाटोद्यावरून नगरकडे, एक नेकनूर-केजवरून आमच्याकडे. त्यामुळे तिथल्या हॉटेलांना दिवसरात्र गर्दी. एका हॉटेलात शिरलो. शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा असे सांगितले आणि पाण्याचे ग्लास ठेवणाऱ्या हाताचा मालक एकदम म्हणाला, "सर, तुम्ही?"

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातला माझाच विद्यार्थी! शेवटच्या बाकावर बसणारा, शनिवारी हमखास गैरहजर राहणारा. या गैरहजेरीबद्दल सर्व वर्गासमोर मी त्याला दोनदा बोललो होतो. 'शनिवार-रविवार जोडून घ्यायची तुम्हाला चटक लागली आहे,' हे माझे वाक्य. तो तेव्हा काही बोलला नव्हता. आता खांद्यावरचा फडका सारखा करीत तो नुसता हसला.

जेवण त्याने फार आपुलकीने वाढले. मला मात्र भाकरीचा घास गिळेना. कारण पुढचा प्रश्न डोळ्यांसमोर दिसत होता. स्वतःच्या विद्यार्थ्याला टीप किती द्यावी? बिल आले सहाशे चाळीस. मी तोडगा काढला. भिंतीवरच्या क्यूआर कोडपुढे मोबाइल धरून सातशे रुपये पाठवले आणि नेहमीप्रमाणे, गल्ल्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "वरचे पोरांना." खिशात मोड ठेवायची सवय गेल्यापासून माझी हीच रीत होती. हातात पैसे ठेवण्याचा संकोच नाही, आणि दिल्याचे समाधान मात्र पुरेपूर!

तो मला सोडायला दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, रागावू नका. पण ते वरचे पैसे आमच्यापर्यंत येत नाहीत. मोबाइलवरचं सगळं मालकाच्या खात्यात जातं. रात्री हिशेब जुळवताना जास्तीचे कुणाचे नि कुठले, कोण बघतंय?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. गेली तीन-चार वर्षे चहाला पाच, जेवणाला वीस-तीस असे मी 'वरचे' पाठवत आलो होतो. म्हणजे इतका काळ मी हॉटेलांच्या मालकांना टीप देत होतो! असा दानशूर सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल.

ओशाळून मी शंभराची नोट काढली. तो दोन पावले मागे सरला. "नाही सर. तुमच्याकडून कसे घेऊ?" मी नोट पुढे धरलेली, तो मागे सरलेला; अशा वेळी नवरेमाणसांना काही सुचत नाही. आमच्या कुटुंबाने सूत्रे हाती घेतली. "बाळा, तुला नाही देत आम्ही. इथे सगळ्यांचा मिळून काही डबा असतो की नाही?"

होता. आतल्या बाजूला, भांड्यांच्या मोरीशेजारी, झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा. मिळेल ते सगळ्यांनी त्यात टाकायचे आणि पंधरा दिवसांनी सारखे वाटून घ्यायचे. भाकरी थापणाऱ्या दोन मावशी आणि भांडी घासणारी एक, त्यांनाही वाढप्यांइतकाच वाटा. "त्या कुणाच्या समोर येत नाहीत ना, सर," तो म्हणाला, "मग त्यांना कोण देणार?" मी नोट चिरेतून आत सारली. त्याने माझे आभार वगैरे काही मानले नाहीत. त्याने आत वळून हाक दिली, "मावशी, शंभर आले!" आणि धुराच्या पलीकडून कोणीतरी मोठ्याने हसले.

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते. मागच्या ट्रॉल्यांत भांडी, बाजल्या, शेळ्या, पोरे, म्हातारी माणसे. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघाल्या होत्या. आमच्या जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. दसरा-दिवाळीला गावे रिकामी होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मी सहज विचारले, "तुझ्या घरचे?" तो म्हणाला, "भाऊबीज झाली की जाणार. मुकादमाची उचल घेतलीय. घरी मी आणि आजी. परीक्षेची फी या डब्यातून भरली, सर."

गाडीत मी बराच वेळ गप्प होतो. उचल आणि टीप! एक आधी मिळते, एक नंतर. उचल हाती पडली की माणूस बांधला जातो. ती फिटेपर्यंत त्याचा हंगाम, त्याचा घाम, कधी पुढचे सालसुद्धा त्याचे नसते. डब्यातले पैसे कोणालाच बांधत नाहीत. काम करून झालेले असते, गिऱ्हाईक निघून गेलेले असते. ते पैसे ज्याचे त्याचे असतात. आईबाप बांधून घेतलेल्या पैशावर घर चालवत होते, आणि मुलगा मोकळ्या पैशावर शिकत होता. माझ्या तीन गुणांच्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्र्याच्या डब्यात होते. देणाऱ्याने पोस्त समजून हसतमुखाने द्यावे, घेणाऱ्याने बलुते समजून मान वर ठेवून घ्यावे. 'बक्षीस' तेवढे कोशात राहू द्यावे.

तेव्हापासून, वाचकहो, माझे नियम ठरले आहेत. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवतो. चहा-फराळाला दहा, घरच्या मंडळींसह जेवणाला बिलाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सणासुदीला थोडे वर. कारण आपली दिवाळी साजरी व्हावी, म्हणून त्या दिवशी कोणाची तरी घरी झालेली नसते. आमटी खारट झाली, तर ते मालकाला सांगतो. मीठ घालणारा हात वाढणाऱ्याचा नसतो. पैसे मोबाइलवरून नाही, हातात देतो, देताना तोंडाकडे बघतो, आणि 'डबा आहे का?' असे विचारतो. पुष्कळ ठिकाणी नसतो. तरी विचारतो. शनिवारच्या गैरहजेरीबद्दल वर्गात बोलायचेही आता सोडले आहे.

सुट्टीनंतर आमच्या महाविद्यालयात चाचणी परीक्षा झाली. शेवटचा प्रश्न नेहमीचाच: 'कोणत्याही दोहोंवर थोडक्यात टिपा लिहा.' त्या विद्यार्थ्याने तीन लिहिल्या होत्या. नियमाप्रमाणे दोनच मोजायच्या, तिसरी सोडून द्यायची. गुण देताना मी नियम मोडला नाही. तिथे सढळ हात दाखवला असता, तर तो त्याचाच अपमान झाला असता. पण ती वरची, न मोजायची टीप मी शेवटपर्यंत वाचली. तिघींत तीच चांगली उतरली होती.