खोकल्यावर गोळी मिळते, रजा का मिळत नाही?

सर्दी होते, दोन-तीन दिवसांत खोकला छातीत उतरतो, पिवळा-हिरवा बेडका पडू लागतो. आपल्या वस्त्यांमध्ये यापुढचा क्रम ठरलेला आहे. नाक्यावरचा दवाखाना, एक इंजेक्शन, अँटिबायोटिकचा कोर्स, खोकल्याची बाटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. आमचे स्पष्ट मत आहे की या आजारात आपल्याला जे नको ते विकले जाते आणि जे हवे ते मागायचे आपल्याला सुचतही नाही.

आधी आजार समजून घेऊ. याला ॲक्यूट ब्राँकायटिस म्हणतात, म्हणजे श्वासनलिकांना अचानक आलेली सूज. बहुतेक वेळा कारण असते विषाणू. साध्या सर्दीचा रायनोव्हायरस किंवा फ्लूचा विषाणू नाक-घशातून खाली उतरतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते सुजते आणि कफ जास्त तयार होतो. ताप काही दिवसांत उतरतो, पण अस्तर भरून यायला वेळ लागतो. म्हणून खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूंवर तिचा काहीही परिणाम होत नाही. बेडका हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, हा पक्का गैरसमज आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. मग गोळी घेतल्यावर बरे कसे वाटते? कारण आजार तेव्हा स्वतःहूनच उतरत असतो. श्रेय मात्र गोळी घेऊन जाते.

नुकसान फक्त पैशांचे नाही. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक कोर्समुळे जिवाणूंना औषधाची सवय होते आणि खरा न्यूमोनिया झाला की तेच औषध चालत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच हा इशारा दिला होता. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी तर टीबीलाही काही दिवस दाबून ठेवते. रोग्याला उतार पडल्यासारखे वाटते, निदान लांबते आणि तोवर घरातल्यांना लागण होते. खोकल्याच्या बाटलीचाही फायदा फारसा नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात अशाच विषारी औषधाने वीसहून अधिक लहान मुलांचा बळी घेतला.

मग उपचार काय? विश्रांती, भरपूर पाणी, गरम पेय, ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो, त्याहून लहान बाळाला मध अजिबात देऊ नये. विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर यांपासून दूर राहावे.

इथे कुणी कार्यकर्ता आम्हाला विचारील, "विश्रांती घ्या म्हणायला तुमचे काय जाते? रोजंदारीवरच्या बाईने आठवडाभर झोपून राहायचे, तर चूल कशी पेटणार?" हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि आमचा मुद्दा नेमका तिथेच आहे. या आजाराचे खरे औषध विश्रांती आहे आणि ती कष्टकऱ्याच्या हातात नाही. कायम नोकरीवाला आजारपणाची रजा टाकतो. ठेक्यावर झाडू मारणारा धुळीत खोकत उभा राहतो. लवकर उभे राहण्याच्या आशेने तो इंजेक्शन मागतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण रजा नाही म्हणून तो गोळी घेतो, हे आपण ओळखले पाहिजे.

आजारी कामगाराला पगार मिळाला पाहिजे, ही मागणी नवी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ज्या आस्थापनेला ही विमा योजना लागू आहे, तिथल्या ठेका कामगारालाही ती लागू होते. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे सहसा काहीच मिळत नाही. घरकामगार, नाका कामगार, फेरीवाले यांच्यापर्यंत तर हे छत्र पोहोचलेलेच नाही.

म्हणून मित्रांनो, तीन कामे हाती घेऊ.

एक, डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारायचे : "ही अँटिबायोटिक आहे का? कशासाठी?" खरेच गरज असेल तर ते कारण सांगतील.

दोन, धोक्याच्या खुणा वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत करून द्यायच्या. धाप लागणे, छातीत दुखणे, बेडक्यात रक्त, न उतरणारा जोराचा ताप, बाळाचा श्वास वेगाने चालणे किंवा दूध न पिणे : यातले काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठायचे. म्हातारी माणसे, गरोदर बाया, दमा किंवा हृदयविकार असलेले यांनी वाट पाहत बसू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात टीबीसाठी तपासणी करून घ्यायची, ती मोफत आहे.

तीन, ठेका कामगारांच्या पगारपावत्या तपासायच्या. विम्याची ०.७५ टक्के कपात होते का, कार्ड हातात आहे का? नसेल तर ठेकेदाराला आणि मूळ मालकालाही लेखी जाब विचारायचा. आणि जे या योजनेबाहेर आहेत, त्यांच्यासाठी पगारी आजारपणाची रजा ही मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात आली पाहिजे.

खोकला दोन-तीन आठवड्यांत जाईल. खोकत कामावर जाण्याची सक्ती मात्र आपण संघटितपणे घालवल्याशिवाय जाणार नाही.

जय भीम!