पाऊण गुंठ्याचा ठिपका

हद्द कायमची मोजणी निम्म्यावर आली होती. रोव्हरचा दांडा बांधावर उभा, लगतधारक बाभळीच्या सावलीत हाताची घडी घालून बसलेले. एका जुन्या सहकाऱ्याबरोबर मीही त्या दिवशी सहज गेलो होतो. तेवढ्यात अर्जदाराचा, रजा काढून पुण्याहून आलेला मुलगा फोन पुढे करत म्हणाला, "साहेब, काल मी शेताला फेरी मारून घेतली. ॲपवर साडेअकरा गुंठे भरतंय. तुमचं दहाच कसं येतंय?"

हा प्रश्न न ऐकलेला भूकरमापक किंवा खासगी मोजणीदार आता शोधून सापडणार नाही. आपण बहुधा "फोनवर कुठं मोजणी होते का?" एवढं म्हणतो आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळतो. म्हणणं खरं असतं, पण त्यानं समोरच्याचं समाधान होत नाही. कारण त्याचा पुढचा प्रश्न रास्त असतो: याच फोननं मला कात्रजपासून शेताच्या वाटेपर्यंत एकही वळण न चुकता आणलं, मग शेतात आल्यावर याला काय झालं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला, अर्जदाराला कळेल अशा भाषेत देता आलं पाहिजे. त्यासाठीच हे संपादकीय.

आधी आकडा. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची आडवी चूक साधारण ४.९ मीटर धरतात. अमेरिकी सरकारच्या जीपीएसविषयक माहितीत हाच आकडा दिलेला आहे. त्याच्या मागे फ्रँक व्हॅन डिगेलन आणि पेर एंगे यांनी २०१५ मध्ये मांडलेलं काम आहे. स्टॅनफर्डच्या त्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनवर मोजमापं घेतली होती. एके काळचा विचार केला तर हा आकडा थोर आहे. २ मे २००० पर्यंत अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची आणि शंभर मीटर इकडेतिकडे चालून जायचं.

पण ४.९ मीटर आपल्या मापात आणून पाहा. आपली जुनी साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. ४.९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा व्यास ३२ फूट भरतो, म्हणजे जवळजवळ एक साखळी. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७५ चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठा. फोनच्या नकाशावरचा तो निळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, पण जमिनीवर तो पाऊण गुंठा जागा अडवून बसलेला असतो. ज्या गावात अर्ध्या गुंठ्यासाठी भावाभावांचं बोलणं बंद आहे, तिथं हा ठिपका बांधावर ठेवायचा की नाही, हे वेगळं सांगायला नको.

क्षेत्राचं गणितही अर्जदाराला करून दाखवण्याजोगं आहे. चौकोनी गटाच्या प्रत्येक कोपऱ्यावर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी साधारण ३-३ मीटरची स्वतंत्र चूक धरा. एक हेक्टरच्या गटात क्षेत्राची चूक सुमारे चार टक्के येते. दहा गुंठ्यांत ती तेरा टक्क्यांवर जाते, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या पुढे. एका गुंठ्याच्या प्लॉटवर ती चाळीस टक्क्यांहून अधिक होते. चूक तेवढीच राहते, गट लहान होत जातो. मुलाचे साडेअकरा गुंठे यात अगदी सहज बसतात. एक खुलासा करायला हवा: एकाच फेरीत घेतलेल्या कोपऱ्यांच्या चुकांचा काही भाग सारखाच असतो आणि तो क्षेत्रफळात कटतो, त्यामुळे आकडा कधी कधी याहून बराच बरा येतो. मात्र तो कटणारा भाग जागेत कटत नाही. क्षेत्र जुळतं आणि अख्खा गट शेजाऱ्याच्या रानात सरकलेला असतो. "ॲपवर क्षेत्र बरोबर आलं, म्हणजे हद्दही बरोबर" हा समज इथूनच निघतो.

आता मुलाचा दुसरा प्रश्न. गाडी चालवताना फोन चुकत नाही असं वाटतं, कारण ॲपला रस्ते माहीत असतात. ठिपका चार मीटर बाजूला पडला तरी ॲप तो ओढून जवळच्या रस्त्याच्या रेषेवर बसवतं. गाडी शेतातून चालणार नाही, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. शेतात ओढून बसवायला रस्ता नसतो, म्हणून फोनचं खरं रूप पहिल्यांदा तिथं दिसतं.

चुकीची कारणं आपल्या वाचकांना नवी नाहीत, तरी फोनच्या बाबतीत दोन गोष्टी ठळकपणे सांगायला हव्यात. पहिली अँटेना. उपग्रहाची लहर उजव्या पिळाची येते, आणि भिंतीवर, पत्र्यावर आपटून परतताना तिचा पीळ बहुतेक उलटतो. रोव्हरची अँटेना उजवा पीळ ओळखते आणि परतून आलेल्या लहरीला बरीचशी बाहेर ठेवते. फोनच्या कडेला कॅमेरा, ब्लूटूथ आणि वायफाय यांच्या गर्दीत बसवलेल्या अँटेनाला पीळच कळत नाही. सरळ आलेली आणि आपटून आलेली, दोन्ही ती आत घेते. पेठेतल्या बोळात उभं राहिलं की ठिपका पलीकडच्या वाड्याच्या चौकात जाऊन बसतो, तो यामुळे. आणखी एक गोष्ट म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन रिसीव्हरला क्षणाक्षणाला डुलकी घेऊ देतात, त्यामुळे कॅरिअर फेजची सलग मोजणी तुटते. अँड्रॉइड ९ पासून ही डुलकी बंद करण्याची सोय डेव्हलपरच्या पर्यायांत आहे. प्रयोग करणाऱ्यांनी ती वापरून पाहावी.

दुसरी गोष्ट आपल्या डोक्यावरच्या आयनमंडलाची. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि आयनमंडलातल्या दाट पट्ट्याचा माथा गुजरात-मध्य प्रदेशाच्या बाजूला येतो. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये सापडतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस मावळल्यानंतर सिग्नल अक्षरशः लुकलुकतो. संध्याकाळी रोव्हरचं फिक्स सुटून फ्लोटवर गेल्याचा अनुभव गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकांना आला असेल. तिथं एकाच फ्रिक्वेन्सीच्या फोनची काय कथा?

दोन फ्रिक्वेन्सींच्या फोननी मात्र खरोखर फरक पडला आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमनं अशी चिप जाहीर केली आणि २०१८ मध्ये शाओमीचा मी ८ बाजारात आला. एल-वनच्या जुन्या नागरी संकेतातला एक टप्पा जमिनीवर सुमारे २९३ मीटर लांबीचा असतो, एल-फाइव्हचा २९ मीटरचा. टप्पा आखूड असला की सरळ आलेली लहर आणि आपटून आलेली लहर वेगळी करणं सोपं जातं, शिवाय दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या की आयनमंडलाची चूक बरीचशी हिशोबात धरता येते. आपल्या नाविकचे उपग्रहही सुरुवातीपासून एल-फाइव्हवर बोलतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून त्यात एल-वनची भर पडली. चिपच्या घोषणेतले ३० सेंटिमीटर आणि बांधावरचा अनुभव यांत अंतर राहणार. तरीही नवा फोन जुन्याहून चांगला आहे, आणि अर्जदाराला तसं सांगण्यात आपला कमीपणा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फोन आपली चूक लपवत नाही. नकाशावर ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं, आणि जिओटॅग फोटोवर "अचूकता ४ मीटर" असं काहीतरी छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, आणि वाचलं तरी त्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाची खात्री ६८ टक्क्यांची असते. म्हणजे तीनांतल्या एका वेळी तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर असू शकता. ९५ टक्क्यांची खात्री हवी असेल तर त्रिज्या दीडपटीहून थोडी अधिक धरावी लागते.

त्याच फोटोवर अक्षांश-रेखांश मात्र दशांशचिन्हानंतर सात-आठ आकड्यांपर्यंत छापलेले असतात. पाचव्या आकड्याची किंमत जमिनीवर सुमारे एक मीटर आहे, सातव्याची सुमारे एक सेंटिमीटर. चार मीटरची चूक असलेल्या यंत्रानं सेंटिमीटरचा आकडा छापणं म्हणजे अंदाजपंचे सांगितलेल्या किमतीला पैशांपर्यंतची पावती फाडणं आहे. खेदाची गोष्ट म्हणजे तोच फोटो आपण स्वतः अहवालाला जोडतो, आणि उद्या तो वकिलाच्या हातात पडला की सातवा आकडा पुरावा म्हणून पुढे येतो. आपल्या अहवालातला प्रत्येक निर्देशांक आपल्या चुकीसह लिहिला पाहिजे, आणि चुकीच्या पलीकडचे आकडे कापले पाहिजेत. फोनच्या निर्देशांकाला पाच दशांश पुरे.

उंचीबद्दल तर बोलायलाच नको. गिरगाव चौपाटीवर वाळूत उभं राहून एखादं ॲप उघडलं तर उंची उणे साठ मीटरच्या खाली दिसू शकते. अँड्रॉइडची मूळ उंची डब्ल्यूजीएस-८४ च्या लंबगोलावरून मोजलेली असते, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीवरची उंची वेगळी मिळण्याची सोय झाली, पण कोणतं ॲप कोणता आकडा दाखवतं हे पाहणाऱ्याला कळत नाही. त्यात उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठीच असते. पाटाचा किंवा पाइपलाइनचा उतार फोनवर ठरवणाऱ्याला लेव्हल आणि स्टाफच दाखवावा.

मग फोन खिशातच ठेवायचा का? मुळीच नाही. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामाला शेतकरी कोणत्या गटात उभा आहे एवढंच कळायचं असतं, आणि त्याला फोन बहुतेक ठिकाणी पुरतो. अडचण येते ती पट्टीसारख्या अरुंद गटांत. तिथं दोन चुका एकत्र येतात: एक फोनची, दुसरी जुन्या गावनकाशाला निर्देशांक देताना राहिलेली. शेतकरी स्वतःच्या कापसात उभा असतो आणि फोन म्हणतो की तो बाहेर आहे. अशा वेळी दोष कोणाचा, हे सांगू शकणारा माणूस गावात आपणच असतो. जुना हद्दीचा दगड शोधतानाही फोन उपयोगी पडतो. टिपणावरून काढलेला बिंदू फोनमध्ये टाका, पाच-सात पावलांच्या घेरात येऊन उभे राहा, मग कुदळ घ्या. थोडक्यात, शोधायला फोन चालेल, ठरवायला नाही.

ठरवायला रोव्हर आहे. राज्यात सत्तरहून अधिक कॉर्स स्थानकं उभी आहेत आणि फिक्स मिळालं की दोन-तीन सेंटिमीटरची खात्री मिळते. पण आपणही आपल्या यंत्राचा गर्व करू नये. आंब्याच्या झाडाखाली, विजेच्या डीपीशेजारच्या पत्र्याच्या गोठ्याजवळ फ्लोटवर घेतलेला बिंदू घाईत तसाच पुढे जातो, आणि मग आपल्यात आणि त्या मुलात फरक फक्त यंत्राच्या किमतीचा उरतो. शिवाय हद्द उपग्रह ठरवत नाही. ती टिपण, गट बुक, जागेवरच्या खुणा आणि वहिवाट यांच्या मेळातून निघते. निर्देशांक आपल्याला पुन्हा त्याच जागी आणून सोडतो, एवढंच त्याचं काम.

या निमित्तानं वाचकांना एक विनंती आहे. आपल्या भागातला एखादा पक्का नियंत्रण बिंदू निवडा. त्यावर आपला फोन ठेवा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं किमान वीस वाचनं घ्या: काही सकाळी, काही दिवस मावळल्यावर, शक्य तर काही जवळच्या झाडाखालच्या दुसऱ्या ज्ञात बिंदूवर. फोनचं मॉडेल, त्यानं दाखवलेली अचूकता आणि प्रत्यक्ष फरक लिहून पाठवा. आपल्या हवेत, आपल्या आभाळाखाली फोन किती चुकतो याचं आपलं स्वतःचं कोष्टक व्हायला हवं. परदेशी आकड्यावर किती दिवस काढायचे?

त्या दिवशी सहकाऱ्यानं मुलाला हेच करायला लावलं. नुकताच सापडलेला कोपऱ्याचा दगड माती झटकून मोकळा केला होता, त्यावर फोन ठेवायला सांगितला. आम्ही चहा घेईपर्यंत ठिपका हळूच बांध ओलांडून शेजारच्या उसात गेला, तिथं थोडा रेंगाळला आणि परत आला. बाभळीखालचे लगतधारक उठून फोनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "माझ्यात आला आणि काही न बोलता परत गेला. माणसं अशी पाहिजेत." मुलगा हसला. मग त्यानं फोन खिशात घातला आणि रोव्हरचा दांडा कसा धरायचा ते विचारलं.

— संपादक