ओळख देणारा माणूस

डोंगरकड्याच्या आसपासच्या कोणत्याही गावात एखादे परके कुटुंब येऊन थांबले, तर पहिल्या रात्री ते उपाशी झोपणार नाही. मराठवाड्याच्या खेड्यांबद्दल एवढी खात्री आजही देता येते. कुणी पिठलं-भाकरी आणून देते, कुणी मारुतीच्या पारावर नाहीतर समाजमंदिरात पथारी टाकू देते. अडचण सुरू होते ती आठ दिवसांनी. खोली भाड्याने हवी असते आणि घरमालक विचारतो, “तुम्हाला इथं कोण ओळखतं?” किराणा दुकानदार उधारीच्या वहीत नाव घालण्याआधी तेच विचारतो. शाळेत, दवाखान्यात, बँकेत हाच प्रश्न कागदाचे रूप घेऊन समोर येतो. भाकरी देणारे पुष्कळ असतात. “हे माझ्या ओळखीचे आहेत” असे म्हणून शेजारी उभा राहणारा मात्र सहसा कुणी नसतो. म्हणून माझे म्हणणे असे की, घरदार सोडून आलेल्या कुटुंबाला गावच्या स्वयंसेवकांनी आधी आणि सर्वांत जास्त काळ काही द्यायचे असेल, तर ती ओळख. बाकीची मदत तिच्या मागून येते. ओळख नसेल, तर आलेली मदतही फार दिवस टिकत नाही.

हे पटण्यासाठी आपल्याच भागाचा इतिहास पुरेसा आहे. 1947-48 मध्ये हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होता. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच वाढला तशी अनेक कुटुंबे गाव सोडून शेजारच्या प्रांतांत गेली. आपल्याकडून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे आणि तिथे उमरखेड होते. तिकडे बार्शी, मनमाड या बाजूंनाही स्टेट काँग्रेसच्या लोकांनी सरहद्दीवर शिबिरे उभारली होती. या निर्वासितांना एक मोठी सवलत होती, ती आपल्या लक्षात येत नाही. नदीपलीकडे भाषा तीच होती, देव तेच होते आणि सोयरिकीही होत्या. वऱ्हाड 1853 च्या तहापर्यंत निजामाच्याच राज्यात होते. ती सरहद्द कागदावर जेमतेम शंभर वर्षांची होती, नाती त्याहून जुनी. पलीकडच्या गावात मेव्हणा किंवा मामा असला की त्याच्या नावावर दाणे मिळत, काम मिळे. शिबिराने आसरा दिला असेल, पण माणसाला पुन्हा माणसात आणले ते नात्याने.

सप्टेंबर 1948 मध्ये भारत सरकारने पोलीस कारवाई करून संस्थान ताब्यात घेतल्यावर चित्र पालटले आणि अनेक ठिकाणी हिंसाचार होऊन घर सोडण्याची वेळ मुसलमान कुटुंबांवर आली. त्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. आपल्या आजच्या नांदेड आणि धाराशिव भागांचाही समावेश तिने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत केला. समितीचा अहवाल वाचवत नाही इतका कठोर आहे, पण त्यात एक नोंद अशी आहे की काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःच्या जिवावर उदार होऊन वाचवले. धर्म वेगळा होता, पण माग एकच होता. रोज एका धंद्यात भेटणाऱ्या माणसाला जमाव ‘ते’ म्हणत असला, तरी शेजारी नावाने हाक मारतो. तेव्हा ओळख ही नुसती सोय आहे असे समजू नये; वेळ आली तर ती जीव वाचवते.

ओळख बाहेरून मिळाली नाही तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या दोन वसाहती दाखवतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या. 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले, तरी तिथले लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. ते कॅम्प पुढे मोठी बाजारपेठ झाले, त्यात सरकारी छपराचा वाटा होताच. पण भांडवल नसताना माल उधार मिळाला, तो आपापसातल्या पंचायतींच्या आणि नातेवाइकांच्या शब्दावर. हा समाज स्वतःची ओळख सोबत घेऊन आला होता. उलट साठीच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा भागात, सरकारने शेतजमिनी दिल्या. जमीन मिळाली, घर मिळाले. तरी त्यांच्यातल्या नामशूद्रांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आणि महाराष्ट्रात मात्र नाही, हा पेच नातवंडांपर्यंत आला. जमीन मोजून देता येते. आलेला माणूस कोण आहे हे इथल्या कचेरीला समजावून सांगणारे कुणी तेव्हाच उभे राहिले असते, तर हा गुंता एवढा लांबला नसता.

ओळख देण्याचे हे काम नुसत्या भावनेवर न सोडता रीतसर कसे बांधता येते, याचा धडा कॅनडात सापडतो. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस इथून माणसे जीव वाचवत बाहेर पडत होती, तेव्हा 1979-80 मध्ये त्या देशाने सुमारे 60 हजार निर्वासित घेतले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी सामान्य नागरिकांच्या गटांनी उचलली होती. पाच जण एकत्र आले की गट होऊ शकत असे आणि एका कुटुंबाची जबाबदारी साधारण एक वर्ष त्याच्याकडे असे. त्या वर्षात घर शोधणे, मुलांना शाळेत घालणे, डॉक्टरकडे नेणे, बस कशी पकडायची ते दाखवणे ही कामे गटाची. या रचनेतल्या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: कुटुंब एक, माणसे ठरलेली, मुदत ठरलेली. आपल्याकडे आपत्तीनंतर ट्रकभर कपडे येतात आणि महिनाभराने कुणी फिरकत नाही, त्याचे कारण दया कमी पडते हे नाही. कुणाचे कोण, हे ठरलेले नसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: डोंगरकड्यात निर्वासित आहेत कुठे? इथे केळीच्या बागा आहेत, ऊस आहे, साखर कारखाना आहे. सीमा कित्येक कोस दूर. कायद्याच्या भाषेत आक्षेप बरोबर आहे. इथे दर हंगामात बाहेरून येतात ते ऊसतोड मजूर; ते देशाचे नागरिक आहेत, त्यांना निर्वासित म्हणणे चूक ठरेल. पण गाळप सुरू झाले की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि पोरे घालून टोळ्या येतात, उघड्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि नवरा-बायकोची जोडी हिशेबाच्या वहीत ‘एक कोयता’ होते. परक्या गावातली त्यांची अडचण निर्वासितांच्या अडचणीसारखीच असते. त्यांना गावात ओळखणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे टोळी घेऊन येणारा मुकादम. दुकानात उधारी त्याच्या नावावर, आजारपणात पैसे त्याच्याकडून, आणि त्या ओळखीची किंमत उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, आकड्यात वाढत जाते. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. परक्या माणसाला ओळख कुणाकडून तरी घ्यावीच लागते. शेजाऱ्याने ती फुकट दिली नाही, तर दलाल विकायला बसलेलाच असतो. जगभरच्या निर्वासितांनाही खोटे कागद, बिनकराराचे काम आणि अंधारी खोली पुरवणारा असाच कुणीतरी मुकादम भेटतो.

दुसरा आक्षेप असा की हे सरकारचे काम आहे. आहेच. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. त्याची मागणी करत राहिली पाहिजे. पण जिथे कायदा आहे तिथली गत पाहा. शिक्षण हक्क कायदा सांगतो की जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे आपल्या वाट्याचे धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येते. तरी फडावरची पोरे वाढे गोळा करतात, आणि गावाकडचे कार्ड घडी करून पेटीत पडलेले असते. हक्क कागदावर असतो. दुकानाच्या पायरीपर्यंत कुणीतरी सोबत चालावे लागते. शासन धान्य देईल, अनुदान देईल. गावातला एक माणूस पाठीशी उभा करण्याचा शासननिर्णय मात्र काढता येत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परका माणूस कोण, कुठला, ही काळजी गावाला असणे स्वाभाविक आहे. कागद तपासणे पोलिसांचे काम आहे. स्वयंसेवकाने ते आपल्याकडे घेऊ नये आणि त्यापासून कुणाला लपवूही नये. पण ज्या वस्तीत गावातले कुणीच जात नाही, तिथे काय चालले आहे ते गावाला कधीच कळत नाही. ज्या कोपीत गावातली एखादी बाई आठवड्यातून दोनदा जाते, तिथली पोरे, दुखणी, येणारे-जाणारे सगळे माहीत असते. सुरक्षिततेच्या काळजीवर ओळखीइतका चांगला उतारा दुसरा नाही.

उरलेला आक्षेप मात्र स्वयंसेवकांनी स्वतःवरच घ्यायला हवा. शब्द देणारा माणूस हळूहळू मालक होऊ शकतो. त्याने सांगितलेल्या दुकानातून खरेदी, त्याच्या शेतात आधी काम, निवडणुकीत त्याच्या माणसाला मत, फोटोत त्याच्या मागे उभे राहणे. मुकादमाला बाजूला सारून दुसरा मुकादम बसवायचा असेल, तर हा खटाटोप करूच नये. म्हणून मुदत हवी, एकापेक्षा जास्त माणसे हवीत आणि त्यांत बाया हव्यात. कारण परक्या गावात बाळंतपणापासून पाण्यापर्यंतच्या बऱ्याच अडचणी बाईलाच सोसाव्या लागतात आणि त्या ती बाईलाच सांगते. काम संपल्याची खूण एकच: त्या कुटुंबाला दुकानदार, गुरुजी आणि दवाखान्यातल्या बाई आता थेट नावाने ओळखतात आणि मधल्या माणसाची गरज उरलेली नाही.

गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. टोळ्या येण्याआधी गावातल्या पाच जणांनी बसावे, त्यांत दोघी बाया असाव्यात. रेशन दुकानदार, मुख्याध्यापक आणि आशाताई यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. मग एक कोपी निवडावी, तिच्यातल्या प्रत्येकाचे नाव विचारावे आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तेवढ्याच कुटुंबाची सोबत करावी.