शाळेपुढचा रस्ता

शाळा उघडण्याच्या सुमारास दप्तरें, छत्र्या, वह्या यांची खरेदी घरोघर होते. शाळेपुढच्या रस्त्याची काळजी मात्र कोणाच्याच यादींत नसते. बुलढाणा तालुक्यांतील धाडसारख्या गांवींही ट्रक, एस. टी. आणि मुलें यांची वाट एकच.

वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास सुमारें चौपट अंतर लागतें. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानें, पादचारी व वाहनें जेथें एकत्र येतात तेथें ताशीं ३० किलोमीटरची मर्यादा सांगितली. ब्रिटनमध्यें तर १९५३ च्या कायद्यापासून शाळेपुढें फलक धरून उभ्या राहणाऱ्या रक्षकासमोर गाडी थांबवावीच लागते. महाराष्ट्रांत कित्येक शाळांतून आर. एस. पी. चीं मुलें रहदारीचें शिक्षण घेतात. परंतु मुलांचें रक्षण मुलांवरच सोपवून मोठ्यांनीं मोकळें होणें शोभत नाहीं.

आणि भरधाव जाणारा तो परका तरी कोण? पुष्कळदां आपल्याच घरचा! उशीर झाला म्हणून मुलांना पाठीमागें बसवून सुसाट निघणारे काका, किंवा परवान्यावांचून मोटारसायकल हातीं आलेले चिरंजीव. अज्ञान मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें झाली आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षां घरांतील वडीलधाऱ्यांचा शब्द अधिक चालावा, अशी आमची अपेक्षा आहे. गाडीची किल्ली त्यांनीं आपल्यापाशीं ठेवावी. मुलांना दहा मिनिटें आधीं घराबाहेर काढावें. आणि शाळा सुटतांना पाळीपाळीनें एकानें रस्त्यावर उभें राहावें. एकत्र कुटुंबांत एवढें मनुष्यबळ खचित असतें.